टू-स्ट्रोक क्वाड सुरू होत नाही: कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

किका मारून पाय दुखायला लागला आणि क्वाडच्या, म्हणजे हँडलवाल्या चारचाकी मोटरसायकलच्या, इंजिनाने एकदाही उचल खाल्ली नाही, की बहुतेकांचा पहिला पाना कार्ब्युरेटरवर पडतो. तो समोर दिसतो, दोन क्लिपांत सुटतो आणि साफ केला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. गंमत म्हणजे बरेचदा दोषी तोच असतो. पण खात्री न करता तो खोलला, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर स्लाइड (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारा तुकडा) उलटी बसणं, ओ-रिंग चेपणं, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाची) उंची बदलणं असे घरचे बिघाड त्यात मिसळतात. मग शोध दुप्पट अवघड होतो. आधी तपासायचं आणि मग खोलायचं, इतकं पाळलं तरी निम्मा वेळ वाचतो.

इथे विचार तीन प्रकारच्या गाड्यांचा आहे. एक, हातक्लच असलेल्या मोठ्या क्वाड: यामाहा ब्लास्टर, बॅन्शी, होंडा टीआरएक्स२५०आर वगैरे. दोन, मुलांच्या ५० ते ९० सीसीच्या ऑटोमॅटिक. तीन, दोरी ओढून सुरू होणाऱ्या ४९ सीसीच्या छोट्या गाड्या. होंडाची २५०आर १९८६ ते १९८९ एवढीच निघाली. ब्लास्टर आणि बॅन्शी अमेरिकेच्या बाजारात २००६ पर्यंत होत्या. म्हणजे आज हातात येणाऱ्या मोठ्या टू-स्ट्रोक क्वाडचं रबर किमान दोन दशकांचं असू शकतं, आणि इंजिनाच्या सीलपासून पेट्रोलच्या नळीपर्यंत सगळीकडे हे वय डोकं वर काढतं.

टू-स्ट्रोकला सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: योग्य क्षणी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, पुरेसं कॉम्प्रेशन आणि हवाबंद क्रँक केस. फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या माणसाकडून चौथी हमखास सुटते. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँक केसमध्ये ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तिथे दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टांतून वर जातं. क्रँक केस हा इथे पंप आहे. पंप गळका असेल तर कार्ब्युरेटर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

आधी बिनपान्याच्या गोष्टी

किल स्विच. हसू नका; बंद राहिलेल्या किल स्विचवर तासन् तास गेलेले असतात. मुलांच्या गाडीला मागे दोरीची सेफ्टी पिन किंवा टोपी असते, ती नीट बसलेली हवी. ऑटोमॅटिक गाड्यांपैकी बऱ्याच ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. पेट्रोलचा कॉक ऑनवर आहे ना, आणि टाकीत पेट्रोल ऑनच्या नळीच्या वर आहे ना? खाली असेल तर रिझर्व्हला टाका. टाकीच्या झाकणातली हवेची वाट बुजली असेल तर टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल उतरणं थांबतं. झाकण सैल करताना ‘सूं’ आवाज आला तर तोच दोष. एअर फिल्टरच्या डब्यात डोकवा. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर उंदरांनी तिथे किंवा सायलेन्सरच्या तोंडात घरटं केलेलं सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

चोकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मोठ्या क्वाडच्या कार्ब्युरेटरला आपण चोक म्हणतो तो हवा अडवणारा पडदा नसतो. तो जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडणारा छोटा प्लंजर असतो. ही वाट इंजिनाच्या ओढीवर चालते आणि ओढ स्लाइड बंद असतानाच पुरेशी असते. त्यामुळे चोक ओढून वर रेस दिली, तर चोक जवळजवळ निकामी होतो. थंड इंजिन: चोक पूर्ण, अंगठा थ्रॉटलवरून पूर्ण बाजूला, पाच-सहा पूर्ण लांबीच्या किका. अर्धवट किका मारून उपयोग नाही. ४९ सीसीच्या गाडीवर मात्र खरोखरचा पडदा असतो. तिथे इंजिन एकदा ‘फट’ करून गेलं की चोक अर्ध्यावर आणायचा, नाहीतर पुढच्या दोन ओढींत प्लग ओला.

पेट्रोलचा वास घ्या. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो. आधी उडून जातात ते त्यातले हलके घटक, आणि थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, म्हणजे थेट कॉकच्या तोंडाशी. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल असेल तर पुढची एकही तपासणी करण्याआधी ते काढून टाका आणि ताजं, योग्य प्रमाणात ऑइल घातलेलं भरा.

प्लग काय सांगतो

थंड इंजिनाला सात-आठ किका मारा आणि लगेच प्लग काढा. काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती हवेने उडवा; एक खडा आत गेला तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा पडायला तेवढा पुरतो.

कोरडा ठणठणीत प्लग म्हणजे पेट्रोल वर पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय. मग एक तर ठिणगी नाही किंवा कमजोर आहे, किंवा इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर आत गेलंय. काळ्या, चिकट ऑइलने माखलेला असेल तर मिश्रणात ऑइल जास्त आहे किंवा क्लचच्या बाजूचं क्रँक सील फुटून गिअर ऑइल आत ओढलं जातंय. गिअर ऑइलचा वास निराळा, करपट असतो, नाकाला कळतो. दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा बारीक धागा अडकून गॅप जोडली गेली असेल तर ठिणगी पडणारच नाही. हा टू-स्ट्रोकचा जुना रोग आहे. आणि पांढऱ्या पोर्सेलिनवर चंदेरी ठिपके दिसले तर किका मारणं तिथेच थांबवा. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

गॅप बहुतेक इंजिनांना ०.६ ते ०.८ मिमी चालते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलातला घ्या. एकदा पेट्रोल-ऑइलने नखशिखांत भिजलेला प्लग पुसून, भाजून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. वरून कोरडा दिसतो, पण पोर्सेलिनवर बसलेला थर दाबाखाली वीज अर्थकडे गळू देतो. तपासणीच्या वेळी योग्य नंबरचा नवा प्लग जवळ असणं ही चैन नाही, ते हत्यार आहे. नवा प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. वॉशर आधीच चेपलेला जुना प्लग असेल तर पान्याचा एक छोटा झटका पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्च कुठल्या कुठे जातो.

ठिणगी

प्लग कॅपमध्ये घाला, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूवर घट्ट टेकवा आणि किक मारा. दोन काळज्या: प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, आणि वायर हवेत लोंबकळत ठेवून कधीच किक मारू नका, कारण विजेला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय (ठिणगीची वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांवर ताण येतो. ठिणगी निळी, जाड आणि ‘टक्’ आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक, मध्येच चुकणारी असेल तर ती नसल्यात जमा.

एवढ्यावर फार विश्वासही ठेवू नका. उघड्या हवेत ०.७ मिमी पार करणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाब वाढला की त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्यावा. उघड्या हवेत ६ मिमीच्या गॅपवर ठिणगी सलग पडत असेल तर इग्निशन सशक्त आहे असं धरून पुढे जाता येतं.

ठिणगी नसेल तर लगेच सीडीआय विकत घेऊ नका. लोक सर्वांत आधी बदलतात तो सीडीआय, आणि सर्वांत कमी वेळा बिघडलेला असतो तोही सीडीआयच. क्रम असा ठेवा. प्लगची कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा, वायरचं ५ मिमी टोक कापा, आतली तार मध्यभागी दिसते ना ते बघून कॅप पुन्हा फिरवून बसवा. रेझिस्टरवाली कॅप मीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर तीच गेली. त्यानंतर किल स्विच. मॅग्नेटोवर, म्हणजे फ्लायव्हीलच्या चुंबकातून बनणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या बहुतेक टू-स्ट्रोकमध्ये किल स्विच वीज तोडत नाही, तो सीडीआयची एक वायर अर्थ करतो. म्हणजे ती वायर कुठेही सोलवटून फ्रेमला लागली तर किल स्विच कायमचा दाबल्यासारखंच होतं. यामाहा आणि होंडात ती सहसा काळी-पांढरी असते. सीडीआयपाशी फक्त ती वायर सोडवून ठिणगी बघा. आली, तर दोष स्विचमध्ये किंवा हँडलकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये. हा प्रयोग फक्त प्लग बाहेर असताना करा आणि वायर परत जोडा. तिच्याशिवाय सुरू झालेलं इंजिन स्विचने बंद होत नाही.

ब्लास्टर आणि बॅन्शीवाल्यांसाठी इथे एक खास थांबा आहे: टॉर्स. अंगठ्याच्या लिव्हरमध्ये एक स्विच आणि कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक. लिव्हर सोडलाय पण स्लाइड वर अडकलीय असं दिसलं की ही यंत्रणा इग्निशन रोखते. कल्पना चांगली आहे, पण कनेक्टरमध्ये पाणी गेलं किंवा थ्रॉटल केबलचा ढिलेपणा बिघडला की तिला स्लाइड अडकल्याचा भास होतो. गाडी एक तर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन वर चढत नाही. पार्किंग ब्रेक लावलेला राहिला तरी रेस चढत नाही. कनेक्टर उघडून साफ करा, केबलचं ॲडजस्टमेंट मॅन्युअलप्रमाणे करा. बरेच जण ही यंत्रणा कायमची काढून टाकतात. माझं मत विचाराल तर ज्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये माती जाते, तिच्यावर ती असलेली बरी.

त्यानंतर मल्टिमीटर. इग्निशन कॉइलची प्रायमरी एक ओहमच्या आतबाहेर आणि सेकंडरी, कॅप काढून, काही हजार ओहम असते. स्टेटरवरची (फ्लायव्हीलमागच्या स्थिर पाटीवरची) वीज बनवणारी सोर्स कॉइल आणि ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल यांचे आकडे गाडीगणिक फार बदलतात, त्यामुळे अंदाजाने ठरवू नका, मॅन्युअल समोर ठेवा. शून्य किंवा अनंत आलं तर मात्र मॅन्युअलाची गरज नाही. थंड असताना सुरू होणारी, वीस मिनिटं चालून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर मोजणी गरम इंजिनावर करा. कॉइलच्या आतली तुटलेली तार थंड असताना टोकाला टोक लावून बसलेली असते.

४९ सीसीच्या छोट्या इंजिनात वेगळा स्टेटर नसतो. फ्लायव्हीलच्या बाहेर एकच कॉइल असते. तिची गॅप ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाइतकी. फ्लायव्हीलचं मॅग्नेट आणि कॉइलचे पाय गंजले असतील तर बारीक पॉलिश पेपरने चमकवा, मध्ये कार्ड ठेवा, मॅग्नेट कॉइलला खेचून घेऊ द्या आणि स्क्रू आवळा. पाच मिनिटांचं काम आहे.

पेट्रोल

प्लग कोरडा होता? मग प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेलं पेट्रोल अर्धा चमचा, म्हणजे २-३ मिली टाका, प्लग लावा, किक मारा. इंजिन दोन सेकंद भडकून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामापुरते आहेत आणि दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. एवढ्या एका चाचणीने शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. यासाठी इथरचा स्टार्टर स्प्रे वापरू नका. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि बेअरिंगचं सगळं वंगण त्या मिश्रणातूनच येतं. इथरमध्ये ऑइल नसतं आणि असलेलं ते धुऊन काढतं.

आता कार्ब्युरेटरची नळी सोडून बाटलीत धरा. धार सलग हवी, थेंब थेंब नको. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर इंजिन बंद असताना पेट्रोल येणार नाही. त्याच्या व्हॅक्यूम नळीला सिरिंजने हलकी ओढ द्या, मग धार लागली पाहिजे. सिरिंजमध्येच पेट्रोल आलं तर आतला पडदा फाटलाय. हा दोष फार फसवा आहे, कारण त्या नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटर चुकवून थेट इंजिनात जातं आणि गाडी नुसती उभ्या उभ्या ओव्हरफ्लो होते. लोक फ्लोटची निडल बदलत राहतात.

धार ठीक असेल तर फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल पारदर्शक भांड्यात घ्या. तळाशी पाण्याचे गोल थेंब किंवा गंजाची भुकटी दिसली तर आता कार्ब्युरेटर खोलायला कारण मिळालं. खोलल्यावर लक्ष पायलट जेटवर, म्हणजे कमी रेसचं पेट्रोल मोजणाऱ्या छोट्या पितळी तुकड्यावर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि इंजिन सुरू होणं व आयडलला राहणं याच जेटवर अवलंबून असतं. मोठं, सहज दिसणारं मेन जेट साफ करून लोक कार्ब्युरेटर बंद करतात आणि ‘कार्ब साफ केला तरी सुरू होत नाही’ म्हणतात. पायलट जेट उजेडासमोर धरा. पूर्ण गोल भोक दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. सुई किंवा पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालेलं डोळ्याला कळत नाही. चोकच्या प्लंजरखालची वाट आणि पायलटची हवेची वाट यांतूनही क्लीनर पलीकडे निघतोय याची खात्री करा.

फ्लोटच्या निडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदला. स्लाइडचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरकडे असायला हवा. उलटी बसली तर गाडी सुरू होईल न होईल, पण झालीच तर रेस एकदम चढेल. एअर स्क्रू हलक्या हाताने तळाशी बसवून दीड फेरा उघडा, सुरुवातीला एवढं पुरतं. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आणि परिणाम उलटा.

ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनासाठी: कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर, प्लगची वायर अर्थ केलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा-पंधरा किका. मग कोरडा प्लग लावून थ्रॉटल थोडा उघडा ठेवून किक. पुन्हा भिजला तर पेट्रोल क्रँक केसमध्ये साठलंय. काही इंजिनांना खाली ड्रेन स्क्रू असतो, बाकीच्यांत प्लग काढून किका मारत राहणं आणि मध्ये मध्ये इंजिन उघडं सोडणं एवढंच हाती असतं. किक मध्येच दगडासारखी अडली तर जोर लावू नका. पिस्टनच्या वर द्रव साठला असेल तर तो दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइलचं प्रमाणही याच वेळी बघून टाका. ५ लिटर पेट्रोलला ३२:१ साठी १५६ मिली, ४०:१ साठी १२५ मिली, ५०:१ साठी १०० मिली, २५:१ साठी २०० मिली. प्रमाण कोणतं, ते गाडीच्या मॅन्युअलातून घ्या. ‘थोडं जास्त ऑइल घातलं तर बरं’ हा समज अर्धाच खरा: ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं आणि वर प्लगही खराब होतो. ऑइल पंप असलेली गाडी असेल आणि पंपाची नळी सोडली गेली असेल, तर त्यातली हवा काढेपर्यंत टाकीतही ऑइल मिसळलेलंच पेट्रोल ठेवा.

कॉम्प्रेशन

गेज प्लगच्या भोकात, थ्रॉटल पूर्ण उघडा, वायर अर्थ, काटा वर जायचा थांबेपर्यंत किका. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा असतो, इंजिनाला हवाच मिळालेली नसते. मूळ स्थितीतल्या मोठ्या क्वाडला १२० पीएसआय किंवा वर म्हणजे तब्येत ठीक. ९० च्या खाली गेलं की थंड असताना सुरू होणं त्रासाचं होतं. ढकलून किंवा ओढून सुरू होते पण किकने होत नाही, हे त्याचं नेहमीचं लक्षण. ५० सीसीच्या इंजिनात गेजच्या नळीची जागाच सिलिंडरच्या मानाने मोठी ठरते आणि आकडा कमी येतो, तिथे लगेच घाबरू नका. बॅन्शीसारख्या जोड-सिलिंडरात आकड्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांहून जास्त असेल तर कमी असलेल्या बाजूला काहीतरी झालंय.

आकडा कमी आला तर हेड खोलण्याआधी एक्झॉस्ट पाइप काढा. पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन हळूहळू वरखाली केला की पिस्टनची बाजू, रिंगा आणि समोरची भिंत दिसते. उभे खोल ओरखडे किंवा भिंतीवर चिकटलेलं ॲल्युमिनियम दिसलं तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. आणि पिस्टन सीज का झाला, म्हणजे भिंतीला घासून का अडकला, हे शोधल्याशिवाय नवा घालू नका.

पंप गळतोय का

ठिणगी चांगली, कार्ब्युरेटर स्वच्छ, कॉम्प्रेशन ११०-१२०, तरी सुरू होत नाही. किंवा सुरू होते, आयडल आपोआप चढतो, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला वेळ घेते. बरेच जण इथे येऊन थकतात आणि जेट मोठं करत सुटतात. मोठ्या जेटने लक्षण दबतं आणि इंजिन नंतर सीज होतं, कारण बाहेरून येणारी हवा प्रत्येक वेगाला वेगळ्या प्रमाणात येते.

हवा कुठून येते? कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी बूटला पडलेल्या भेगा, ज्या बूट वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. सिलिंडरखालचं गॅस्केट. आणि क्रँकच्या दोन टोकांची सीलं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते, प्लग कोरडा-पांढरट राहतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल आत येतं: निळसर-पांढरा दाट धूर, ऑइलने माखलेला प्लग, आणि कुठेही गळती न दिसता कमी होत जाणारं गिअर ऑइल.

अंदाज लावत बसण्यापेक्षा दाब देऊन बघा. कार्ब्युरेटर काढून बूटमध्ये रबरी बूच बसवा, एक्झॉस्ट पोर्ट रबर आणि पट्टीने बंद करा, एखादी व्हॅक्यूमची नळी असेल तर तीही बुजवा. पिस्टन तळाला न्या, म्हणजे पोर्ट उघडे राहतात. प्लगच्या भोकातून हातपंपाने फक्त ६ पीएसआय हवा भरा. चांगलं इंजिन हा दाब सहा मिनिटं जवळजवळ जसाच्या तसा धरतं. मिनिटाला १ पीएसआयहून जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधा. गिअर ऑइलच्या भोकातून बुडबुडे आले तर क्लचच्या बाजूचं सील. लिक्विड कूल्ड इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडून बघा, तिथे आले तर हेडचं गॅस्केट. ८ पीएसआयच्या वर जाऊ नका, धडधाकट सीलही जागेवरून उठू शकतं. कंप्रेसरची नळी थेट लावणं तर नकोच.

रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण परत मागे जाऊ न देणारी पात्यांची झडप, बूटच्या मागेच असतो, चार-सहा बोल्टांत हातात येतो. पाती बसायच्या जागेवर सपाट टेकलेली हवीत. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, कोपरा तुटला असला किंवा पात विसविशीत झालं असलं तर बदला. किक मारताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचं धुकं मागे उडत असेल तर संशय सर्वांत आधी यावर घ्या. तुटलेला तुकडा सापडला नाही तर तो इंजिनात आहे असं धरूनच चाला, विशेषतः पातं पोलादी असेल तर.

बाकी राहिलेलं

सगळं ठीक असून इंजिन उलटं फटकारत असेल, कार्ब्युरेटरमधून भडका येत असेल किंवा किक पायावर उलटी येत असेल, तर टायमिंग बघा. फ्लायव्हीलला क्रँकवर धरून ठेवतो तो शाफ्टचा उतार आणि आवळलेला नट. खाचेत बसणारा छोटा अर्धचंद्राकृती तुकडा, म्हणजे ‘की’, फक्त जागा दाखवते. नट सैल पडला तर फ्लायव्हील फिरतं, ती ‘की’ कापली जाते आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. फ्लायव्हील काढायला त्याचाच पुलर वापरा. हातोडा मारला तर मॅग्नेट तुटतं किंवा क्रँक वाकतो. टायमिंग सरकलेलं टू-स्ट्रोक कधी कधी चक्क उलटं फिरत सुरू होतं. गिअर टाकल्यावर क्वाड मागे जायला लागली तर घाबरून रेस देऊ नका, किल स्विच दाबा.

सुरू होऊन काही सेकंदांत घुसमटत बंद पडत असेल तर सायलेन्सर आणि ठिणगी अडवणारी जाळी तपासा. ऑइलच्या कार्बनने ती बुजते.

सेल्फ फिरतच नसेल तर तो वेगळा विषय आहे. बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी आणि सेल्फ मारताना १० च्या फार खाली जाऊ नये. नुसता ‘टक’ आवाज आला तर बॅटरीची टर्मिनलं, अर्थची वायर आणि रिले, या क्रमाने बघा. मॅग्नेटोवर ठिणगी बनणाऱ्या गाडीला किक किंवा दोरी असेल तर ती बॅटरीशिवायही सुरू झाली पाहिजे.

पहिल्यांदा सुरू झाली की रेस देण्याचा मोह आवरा. दोन-तीन मिनिटं आयडलला गरम होऊ द्या, चोक हळूहळू आत घ्या आणि कान आयडलवर ठेवा. तो आपोआप चढत गेला तर किल स्विच दाबा. त्याने बंद झाली नाही तर हातक्लचच्या गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा. कॉक बंद करून उपयोग नाही, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन ओरडत राहील. आयडल स्थिर राहिला तर दहा मिनिटं चालवून प्लग पुन्हा काढा: चॉकलेटी रंग ठीक, पांढरा म्हणजे कुठेतरी अजून हवा शिरतेय, काळा-ओला म्हणजे चोक पूर्ण बंद झाला नाही किंवा फिल्टर ऑइलने बुजलाय. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ड्रेन स्क्रूतून फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवा.